कोरी पट्टी

“काळं आलं,” अण्णा म्हणाले. “परत.”

मांजरपाटाची नाडीएवढी अरुंद पट्टी त्यांनी खिडकीकडे धरली होती. ती स्पिरिटमध्ये बुडवायची, रेडिओच्या स्विचमधल्या चिमटीतून हलकेच ओढायची आणि त्यांच्या हातात द्यायची. पांढरी निघाली तर कॉन्टॅक्ट साफ. काळी निघाली तर पुन्हा पहिल्यापासून.

“कुठे आहे काळं? मला तर पांढरी दिसते.”

“तुला पांढरी दिसते म्हणूनच परत म्हणतो.”

ती १९८६ सालच्या जुलैची आठ तारीख होती. पुण्याला एम. ए.साठी मला प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलमध्ये जागाही मिळाली होती. वडिलांच्या सहीचा फॉर्म फक्त बारा तारखेच्या आत तिथे पोचवायचा होता. तो फॉर्म अण्णांनी टेबलावर रेडिओ तपासायच्या मीटरखाली दाबून ठेवला होता आणि एकच अट घातली होती. वाडीतल्या गोदाक्काचा रेडिओ सेट तुझ्या हातून पुरा होऊ दे. स्विच पास झाला की सही करतो. मला अट सोपी वाटली. ते काम मी वयाच्या नवव्या वर्षापासून करत आले होते.

चार दिवसांत मी ती पट्टी सोळा वेळा ओढली होती.

आमचं दुकान म्हणजे कऱ्हाडच्या घरातली पुढची खोली. आजोबांपर्यंत आम्ही सोनार. अण्णांनी भट्टी विझवून तिथे रेडिओचं टेबल मांडलं. भावकीत त्यांना यासाठी बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. ते म्हणायचे, “चांदीच बघतो की मीपण. तुमची चांदी बायका मिरवतात, माझी पेटीच्या आत असते, एवढाच फरक.” जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत बँड बदलायचा एक स्विच असतो. त्यात बशीसारख्या चकत्या असतात आणि चकत्यांच्या कडेने बारीक पितळी चिमट्या. चिमट्यांवर चांदीचा मुलामा. धुरानं, दमट हवेनं तो काळा पडला की स्टेशन लागत नाही, नुसती खरखर येते. तो काळेपणा काढायचा, पण चांदीला धक्का लावायचा नाही. कापडानं काढायचा, खोडरबराच्या पाचरीनं काढायचा, वेळ लागला तर लागू द्यायचा. दुकानात काचकागदाला बंदी होती. “काचकागद मारला की पितळ लख्ख दिसतं,” ते सांगायचे, “महिनाभर रेडिओ खणखणीत वाजतो. मग चांदी नसलेलं पितळ असं सडतं, की देव आला तरी वाजत नाही.”

अण्णा गेले त्याला आता पाच महिने झाले. भेटायला आलेले लोक म्हणाले, फार शिस्तीचे होते. मी हो म्हटलं.

शिस्त मला नवव्या वर्षी लागली. आई गेल्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी मला टेबलापाशी उभं केलं. चालू सेटमध्ये हात घालताना दुसरा हात नेहमी खिशात असावा, असा रेडिओवाल्यांचा नियम आहे. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात काळजावरून जातो. माझ्या परकराला खिसा नव्हता. अण्णांनी आईच्या परकराची नाडी काढली आणि माझा डावा हात पाठीमागे कमरेला बांधला. आठवडाभर तसं चाललं. मग एके दिवशी नाडी सोडली आणि मला म्हणाले, “आता घाल.” मी विसरले. डावा हात मी टेकायला म्हणून सेटच्या पत्र्यावर ठेवला. स्टुलावरून मी मागे फेकली गेले, जीभ दाताखाली आली, तोंड रक्तानं भरलं. अण्णा जागचे उठले नाहीत.

“डावा हात कुठे होता?” एवढंच विचारलं.

“तुम्ही बघत होता?”

“बघत होतो. एकदा बसल्याशिवाय कळत नाही.”

त्यानंतर माझा डावा हात आपोआप पाठीमागे जातो. आजही, दिव्याचं बटण दाबतानाही जातो.

नऊ तारखेला सकाळी गोदाक्का आली. कोयनेच्या पुलापलीकडच्या वाडीतून ती चालत यायची. सत्तरीची, काटक, बोलायला मोकळी. तिचा एकुलता एक मुलगा हणमंत फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाला. मेला असं सरकारनं लिहून दिलं नाही, सापडला असंही नाही. लढाईनंतर सीमेपलीकडच्या एका स्टेशनवरून आपल्या पकडलेल्या जवानांची नावं सांगतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून तिनं हा जुना सेट घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता शॉर्टवेव्हवर ते स्टेशन लावून ती चुलीपुढे बसायची. चुलीच्या धुरानं स्विच काळा पडायचा. दर दोन वर्षांनी ती सेट वाकळेत गुंडाळून डोक्यावरून अण्णांकडे आणायची.

“आण्णा, माझा डबा झाला का न्हाई?” तिनं उंबऱ्यावर बसत विचारलं. “आज नऊ दिस झालं. घर कसं मुकं झालंय.”

“पोरीला विचारा,” अण्णा म्हणाले. “तिच्या हातात आहे.”

“काय गं शालन, म्हातारीला का ताटकळत ठेवतीस? लगीन ठरलंय का तुजं, चित्त कुठं हाय?”

“माझं काम झालंय, आक्का. अण्णा पास करत नाहीत.”

“करतील, करतील. मास्तर कडक असला म्हंजे विद्या पक्की हुती.” मग अण्णांकडे वळून म्हणाली, “पर आण्णा, लई ताणू नगा. नावं सांगितली आन् माझा डबाच घरी नसला तर?”

“आक्का, नावं सांगायची बंद होऊन किती वर्षं झाली?”

“चौदा.”

“मग?”

“मग काय? चौदा वर्सं सांगितली न्हाईत. पर सांगितलीच तर?”

ती गेल्यावर अण्णा मला म्हणाले, “ऐकलंस ना? लाग कामाला.”

त्या दुपारी सेटमधला एक जळका रेझिस्टन्स बदलायचा होता. त्याच्यावर रंगांची कडी असतात, त्यावरून किंमत कळते. अण्णा नेहमी मला विचारायचे, “रंग सांग.” दोन-तीन वर्षं हे चाललं होतं. मला वाटायचं, माझी परीक्षा घेतात. तशीच संध्याकाळची वाचनाची शिस्त होती. नगरवाचनालयातून मी पुस्तकं आणायची आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. “उच्चार सुधारतात,” म्हणायचे. त्या वाचनानंच मी एम. ए.पर्यंत आले.

“रंग सांग.”

जुन्या रेझिस्टन्सवर पिवळं, जांभळं आणि केशरी कडं होतं. मी चिडलेले होते. उगीच, त्यांना डिवचायला म्हणून मी म्हटलं, “हिरवा, निळा, केशरी.”

आता ओरडतील, म्हणून मी थांबले. अण्णांनी रेझिस्टन्स डोळ्यांजवळ नेला, फिरवला, मान हलवली.

“बरोबर. त्याच रंगांचा काढ.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं काहीतरी आहे. मी डब्यातून योग्य रंगांचा रेझिस्टन्स काढला आणि जोडला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हातातल्या कड्याचा रंग ज्याला दिसत नाही, त्याला पट्टीवरचं काळं कसं दिसतं?

दहा तारखेला सकाळी मी स्विचला हातच लावला नाही. ठाणातून नवी पट्टी फाडली, स्पिरिटमध्ये बुडवली, पिळली, आणि कोरीच्या कोरी अण्णांच्या हातात दिली.

त्यांनी ती खिडकीकडे धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून फिरवली. बराच वेळ.

“काळं आलं,” म्हणाले. “परत.”

“किती आलंय?”

“कालच्यापेक्षा जास्त. लक्ष नाही तुझं.”

मी पट्टी परत घेतली. ती माझ्या हातात पांढरीशुभ्र होती. मला त्याच वेळी बोलता आलं असतं. अण्णा, तुम्हाला दिसत नाही, चला डॉक्टरकडे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या क्षणी मला ते डोळे दिसलेच नाहीत. मला एवढंच दिसलं, की हा माणूस मला कधीच जाऊ देणार नाही. सोळा पट्ट्या पांढऱ्या होत्या. सतरावीही असेल, सत्तरावीही असेल, आणि बारा तारीख निघून जाईल.

अण्णा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले. मी कोपऱ्यावरच्या सुताराकडून काचकागदाचा तुकडा मागून आणला.

ते काम मी अर्ध्या तासात केलं. डावा हात पाठीमागे होता. काचकागदाची बारीक पट्टी कापून मी प्रत्येक चिमटीतून दहादा, पंधरादा ओढली. आधी करडी धूळ पडली. मग धूळ पिवळी झाली. चांदी गेली, खालचं पितळ लागलं, हे मला समजत होतं. मी थांबले नाही. उलट शॉर्टवेव्हच्या चिमट्यांवर, ज्या गोदाक्काला लागायच्या, जास्त जोर दिला. त्याच रोज नापास होत होत्या. शेवटी सगळा स्विच नव्या भांड्यासारखा चमकायला लागला. मी धूळ फुंकून टाकली.

चारच्या सुमाराला अण्णा उठून आले.

“झालं?”

“झालं. पट्टी देऊ?”

“नको.”

त्या दिवशी त्यांनी पट्टी मागितली नाही. खुर्ची ओढून बसले, डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख पहिल्या चिमटीवर टेकवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एकही सोडली नाही. शेवटच्या चिमटीवर त्यांचं नख बराच वेळ थांबलं.

“चालू कर,” म्हणाले.

मी बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागलं, आत तांबूस उजेड आला, आणि शॉर्टवेव्हवरचं स्टेशन असं लागलं की रस्त्यावरचा माणूस थबकला. खरखरीचा मागमूस नाही.

“छान,” अण्णा म्हणाले. “उत्तम काम झालं.”

आयुष्यात त्यांनी माझ्या कामाला उत्तम म्हटलं, ते त्या एकाच दिवशी.

“फॉर्म आण.”

फॉर्म मीटरखालीच होता, त्यांच्यापासून वीतभर अंतरावर. मी काढून पुढे ठेवला. त्यांनी पेन उघडलं आणि कागदावर हात फिरवत राहिले. मला समजलं, ते ओळ शोधताहेत. मी सांगितलं नाही. शोधू दे, मनात म्हटलं. सोळा पट्ट्या मला ओढायला लावल्या, एक ओळ यांनाही शोधू दे. त्यांनी सही केली ती ओळीखाली, ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ म्हणून आखलेल्या चौकोनात. मी कागद उचलून घडी घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी पुण्याला गेले. निघण्याआधी, आदल्या संध्याकाळीच, गोदाक्का सेट घ्यायला आली होती. आवाज ऐकून तिनं दोन्ही हातांनी माझ्या गालांवरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली.

“काय हात हाय पोरीचा! आण्णा, तुमच्या हातनं बी असा वाजला नव्हता कधी.”

“नव्हता,” अण्णा म्हणाले.

दिवाळीला घरी आले तेव्हा तो सेट टेबलावर होता. मागचं झाकण काढलेलं. चिमट्या हिरव्या पडल्या होत्या, काहींची टोकं झडली होती.

मी पिशवी खाली ठेवायच्या आतच अण्णा म्हणाले, “काचकागद मारलास.”

“कधी कळलं?”

“तेव्हाच.”

“तेव्हाच?”

“सोनाराच्या घरातला आहे मी. चांदीवर नख घसरतं. पितळावर अडतं. हे कळायला काय बघावं लागतं?”

“मग पास का केलंत?”

“नापास केलं असतं तर रात्रीत उरलेलंही खरवडलं असतंस.” त्यांनी हातातला पान्हा जागेवर ठेवला. तो ठेवायला त्यांनी आधी टेबलाची कड चाचपली. “तुला जायचं होतं. गेलीस. झालं.”

“आणि आक्का?”

“आठ दिवसांपूर्वी आणून ठेवला. म्हणाली, नुसता फुरफुरतोय. मी बघतो म्हटलं. काय बघतो? हा स्विच मिळत नाही कुठे आता.” मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाले, “उद्या तिच्याकडे जा. काय केलंस ते तिला सांग. माझं नाव मध्ये घालू नको. तुझ्या तोंडानं सांग.”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“ज्याचं त्यानं सांगावं.”

पाडव्याच्या दिवशी मी पूल ओलांडून वाडीत गेले. मनात वाक्य तयार होतं: आक्का, तुमचा सेट मी बिघडवला. मुद्दाम. एवढंच. वाटेत मी ते दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

गोदाक्कानं मला चुलीपाशी पाट दिला, करंज्यांचं ताट पुढे केलं. मी नको म्हणाले तर रागावली. भिंतीत सेटचा कोनाडा होता. तो रिकामा होता, पण झाडून सारवलेला. कोनाड्यातच गणवेशातला हणमंताचा फोटो होता. त्याला हार नव्हता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत.

“बरी आलीस,” ती म्हणाली. “तुलाच इचारायचं हुतं. आण्णा काय नीट सांगत न्हाईत. तू पुण्याला मोठ्या शाळंत असतीस, तुला समदं ठावं. मला एवढंच सांग, माझ्या डब्यात बिघाड झालाय, का तिकडचं ठेशनच गप झालंय?”

दोन्ही उत्तरं तिनंच माझ्यासमोर ठेवली होती. मला फक्त एक उचलायचं होतं.

“स्टेशनच बंद झालंय, आक्का.”

“बंद?”

“हो.”

“कायमचं?”

“कायमचं. पेपरात आलं होतं.”

पेपराचं मला कोणी विचारलं नव्हतं. ते मी आपलं आपण जोडलं.

ती चुलीतलं लाकूड मागे ओढत बसली. मग म्हणाली, “मग आता नावं कुठं सांगतील?”

“आता नाही सांगणार.”

“कुठंच न्हाई?”

“नाही.”

तिनं मान हलवली. माझ्या ताटाकडे बघितलं.

“खा. गार हुतंय.”

करंजी गार होण्याची गोष्ट नव्हती. मी ती खाल्ली. पूल ओलांडताना मी स्वतःला समजावत होते, की बरंच झालं. पंधरा वर्षं एका आवाजापुढे बसणाऱ्या बाईला मी मोकळं केलं. पुण्यात चार महिने राहून मला अशी वाक्यं सुचायला लागली होती.

“सांगितलंस?” अण्णांनी विचारलं.

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“गार होतंय, खा म्हणाली.”

अण्णा म्हणाले, “मोठ्या मनाची बाई.” आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज ओला वाटला. मी आत निघून गेले.

पुन्हा घरी आले ती मे महिन्यात. मधे त्यांचं एकही पत्र नव्हतं, पण ते कधी लिहीतच नसत. संध्याकाळ होती. पायरीपासूनच रेडिओचा आवाज येत होता, स्वच्छ, भरलेला. आत गोदाक्काचा सेट चालू होता. पलीकडच्या त्याच स्टेशनवर कोणीतरी उर्दूत बातम्या सांगत होतं.

“झाला?” मी विचारलं.

“झाला. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत झाला.”

“स्विच कुठे मिळाला?”

“मिळत नाही म्हटलं ना. केला. तुझे वाळे होते पेटीत, बाळपणातले. ते आटवले, पत्रा ठोकला. एकेका चिमटीला चांदीची जीभ डागली.”

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. उजव्या हाताच्या चारही बोटांवर भाजल्याचे पांढरे व्रण होते, काही एकावर एक. बघून नव्हे, चाचपत डागलं होतं त्यांनी.

“मग आक्कांना का दिला नाही?”

“नेला होता.”

“कसा?”

“डोक्यावरून. टांग्यात हादरे बसतात.”

त्या पुलाला तेव्हा धड कठडाही नव्हता.

“अंगणात पंगत बसली होती,” अण्णा म्हणाले. “मला वाटलं, काही कार्य असेल. कार्यच होतं. हणमंताचं तेरावं.”

बातम्या चालू होत्या. त्यांनी बटण फिरवून आवाज बारीक केला.

“पंधरा वर्षं तिनं त्याचं काही केलं नव्हतं. नाव येईल म्हणून. भटजी बोलावला, पळसाच्या पानांचा माणूस केला आणि घाटावर जाळला. देह नसला की तसा करतात. तिनंच मला सगळं सांगितलं, वाढता वाढता. म्हणाली, बरं झालं आण्णा, तुमची शालन येऊन सांगून गेली. ठेशन बंद झालं म्हनून. न्हाईतर मी येडी बसले असते वाट बघत, आन् पोरगं तिकडं तसंच लटकलेलं. मला म्हणाली, आता डबा कशाला? तुमच्याकडंच ठेवा. एवढी शिकलेली पोर, ती काय खोटं सांगंल?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“जेवलो.”

“अण्णा…”

“काय म्हणणार होतो? स्टेशन चालू आहे, आक्का. तुमचं पोरगं उठवा, घाटावरनं परत आणा? डोक्यावर सेट होता माझ्या. तिथं बटण फिरवायची देर होती.” त्यांनी बटणावरचा हात काढला. “पंगतीला बसलो, जेवलो, सेट घेऊन परत आलो.”

“मला कळवायचं तरी.”

“कोणाकडून लिहून घेऊ?” ते म्हणाले.

डोळ्यांबद्दल ते माझ्याशी बोलले, ते एवढंच. आणि मीही, मला माहीत आहे, असं म्हटलं नाही. कोरी पट्टी मी त्यांना कधीच सांगितली नाही. पुढे छत्तीस वर्षं होती. सांगायला तेवढी पुरली नाहीत.

अण्णांनी सेट बंद केला. प्लग काढला. आतली साठलेली वीज उतरवली. मग टेबलाच्या खणात हात घालून मांजरपाटाची पट्टी काढली, स्पिरिटची बाटली चाचपली, पट्टी बुडवून पिळली आणि माझ्यापुढे धरली.

“ओढ.”

मी डावा हात पाठीमागे नेला. शॉर्टवेव्हच्या पहिल्या चिमटीतून पट्टी हलकेच ओढली. चांदी नवी होती, मऊ होती, माझ्या वाळ्यांची होती. पट्टी कुठेही अडली नाही. मी ती खिडकीकडे धरली. दिवस मावळायला आला होता, तरी पुरेसा उजेड होता.

“काय आहे?” अण्णांनी विचारलं.

“पांढरी आहे.”

“खरं?”

“खरं.”

त्यांनी हात पुढे केला. मी पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती खिडकीकडे नेली नाही, डोळ्यांपाशीही नेली नाही. दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, आणि माझ्या हातात परत दिली.

“परत,” ते म्हणाले.